वाघाच्या जागी सनमायका

विल्या, तुझ्या गल्लीच्या तोंडाशी तुझा फ्लेक्स लागलाय. आठ बाय चारचा. तुझ्या आधार कार्डावरचा फोटो ताणून ताणून मोठा केलाय, त्यामुळे तू गेलेल्या माणसापेक्षा पकडलेल्या माणसासारखा दिसतोस. येरवड्यात असा फोटो लावणं तसं धोक्याचंच. खाली भावपूर्ण श्रद्धांजली, बाजूला हार घातलेले सात कार्यकर्ते. त्यातले चार जण तुला ओळखत नव्हते, हे मी चौकशी करून आलोय.

आयुष्यभर हाताने पाट्या रंगवल्यास. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या, खडकीच्या क्वार्टरच्या दारांवरचे नंबरसुद्धा. मग फ्लेक्सचं मशीन आलं आणि तुझं चार दिवसांचं काम वीस मिनिटांत व्हायला लागलं. तू कधी रडगाणं गायला नाहीस. एवढंच म्हणायचास, "फ्लेक्सला हात नसतो रे. मग तो चुकणार कुठून?" आणि आता तूच फ्लेक्सवर. पोरांना बोलायचा मला काय अधिकार? त्यांनी तुझ्यावर माया म्हणून लावला. मी तुझ्याशी जे केलं त्याला तेवढंही कारण नव्हतं.

तुला जाऊन पंधरा दिवस झाले. परवा तेरावं झालं. त्याबद्दल शेवटी सांगतो. आधी जरा इकडचं तिकडचं बोलू दे. तुला माहीतच आहे, मुद्द्याला मी वळसा घालूनच येतो.

नववीत असताना माझ्या प्रगतिपुस्तकावर माझ्या वडिलांची सही तू केली होतीस, आठवतं? इतकी सुरेख केलीस की मास्तरांना तिथेच संशय आला. वडिलांची खरी सही म्हणजे गांडूळ वाळत घातल्यासारखी होती. तुझ्या सहीला काना, मात्रा, खाली वेलबुट्टीसारखी रेघ. मास्तर म्हणाले, "तुझ्या वडिलांचं अक्षर एका महिन्यात सुधारलं. तुझं कधी सुधारणार?" मार मी खाल्ला. तू मधल्या सुट्टीत एवढंच म्हणालास, "वाईट काढायला मला जमत नाही, त्याला मी काय करू?"

आणि स्वारगेटच्या मागे ते व्हिडिओ गेमचं दुकान. पत्र्याचं, आत अंधार, तीन मशिनं, प्रत्येकासमोर दहा डोकी. मशिनांच्या बाजूंची चित्रं पार उडालेली होती. मालकाने तुझ्या वहीतली चित्रं पाहिली आणि म्हणाला, "बाजू रंगवून दे, पाहिजे तेवढं खेळ." अवकाशयानाचा खेळ होता. अवकाशयान तू कधी पाहिलेलं नव्हतंस, तेव्हा तू आत वाघ बसवलास. पट्टेवाला, हातात स्टिअरिंग, एसटीच्या ड्रायव्हरसारखा कोपर खिडकीबाहेर काढलेला. मालक डोकं खाजवत म्हणाला, "वाघ कशाला?" तू म्हणालास, "माणूस एवढ्या वर गेला तर घाबरेल." पुढे वर्षभर पोरं "वाघाच्या मशिनीवर नंबर लाव" असंच म्हणायची. फुकट खेळ तुला मिळायचा आणि निम्मा तू मला द्यायचास. मी पहिल्या मिनिटात मरायचो. तू पुन्हा द्यायचास.

तर हे सगळं डोक्यात घेऊन मी निवृत्त झालो आणि घरी तसंच मशीन बनवायला काढलं. प्लायवूडची उभी पेटी, आत जुना टीव्ही, वर दांडा आणि बटणं. मला सुतारकाम येत नाही ही गोष्ट सोडली तर सगळी तयारी होती. सिंहगड रोडच्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मी पहिली फळी कापली ती खालच्या स्टुलासकट. दुसऱ्या दिवशी सचिवांनी पाटी लावली, "पार्किंग वाहनांसाठी आहे, छंदांसाठी नाही." तू आलास, पाटी वाचलीस आणि म्हणालास, "मजकूर बरोबर आहे. अक्षर वाईट आहे." मग माझ्या हातातली करवत काढून घेतलीस. पेटी उभी राहिली ती तुझ्यामुळे. मी टेकू धरायला होतो, तोही दोनदा सोडला.

वाद झाला तो वरच्या सजावटीवरून. मी पहिल्यापासून सनमायकाच्या बाजूचा. डाग पडत नाहीत, ओरखडे उठत नाहीत, एका दुपारचं काम. तू रंगाच्या बाजूचा, आणि तू दुसऱ्या कशाच्या बाजूचा असणार?

"सनमायका हॉटेलच्या टेबलाला लावतात," तू म्हणालास, "वर सांबार सांडतं म्हणून. तुझ्या पेटीवर सांबार कोण सांडणार आहे?"

"मी."

"हां, ते खरं," म्हणालास. आणि मग हसता हसता थांबलास. "हे मला रंगवू दे. उजवा हात आता धरत नाही फार. हे शेवटचं मोठं काम. नीट करू दे."

मी म्हणालो, "कर की." एवढंच म्हणालो, पण म्हणालो हे नक्की. मी विसरलो असं मला कधीच म्हणता आलेलं नाही.

चार महिने तू येत होतास. येरवड्याहून दोन बस बदलून, डब्यात पोळीभाजी घेऊन. पुट्टी, घासणं, प्राइमर, पुन्हा घासणं. पावसाळी हवेत ऑइलपेंट वाळत नाही, तेव्हा एका थरानंतर चार चार दिवस नुसतं बघत बसायचं. मी वैतागायचो. तू म्हणायचास, "रंगाला तुझ्यासारखी पेन्शन नाही लागलेली. तो त्याच्या वेळेने येणार." ब्रश टेकवायच्या आधी तू श्वास रोखून धरायचास. डाव्या हाताने उजवं मनगट पकडायचास, कंप थांबला की एक रेघ ओढायचास, मग श्वास सोडायचास. मी तिथेच खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचो आणि तुला अधूनमधून बातम्या सांगायचो. आता वाटतं, मी तोंड बंद ठेवलं असतं तर तुझ्या दहा-वीस रेघा जास्त झाल्या असत्या.

डावी बाजू पूर्ण झाली. तोच वाघ, पण साठीला आलेला. चष्मा, मिशीत पांढरे केस, कोपर तसंच खिडकीबाहेर. आणि मागच्या सीटवर एक बोकड, घाबरून दोन्ही खुरांनी दांडा धरून बसलेला, थेट माझ्या तोंडाचा. नीलाने बघितलं आणि म्हणाली, "विलासभाऊ, बोकड जरा तरुण काढलाय तुम्ही." बायकोकडून मला मिळालेली ही शेवटची दाद.

आता तो किस्सा. बाहीचा. सगळ्या पुण्याला माहीत असलेला.

शाळेच्या बॅचचं संमेलन आमच्या घरी ठरलं होतं, रविवारी. ग्रुपवर मी आधीच टाकून बसलो होतो, "मशीन तयार आहे, या." तू शुक्रवारी साताऱ्याला लेकीकडे निघालास आणि जाताना सांगून गेलास, "डावी बाजू झाली. उजवीला अजून महिना. रविवारी अर्धंच दाखव, मी येतोच सकाळच्या गाडीने." अर्धं? सगळ्या बॅचला? जे माझ्यापेक्षा जास्त मार्क मिळवून गेले, त्यांना मी अर्धं मशीन दाखवू? शनिवारी सकाळी मी टिंबर मार्केटात गेलो आणि सनमायकाचं शीट घेऊन आलो. दुकानाच्या उजेडात ते काळं दिसत होतं. घरी आणलं तर निघालं तपकिरी, वर लाकडाच्या रेषा छापलेल्या. म्हणजे लाकडी पेटीला मी लाकडाचा मुखवटा चढवायला निघालो होतो.

सनमायका चिकटवायचं सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावतात, दहा मिनिटं वाळू देतात, मग एकदम दाबतात. एकदा चिकटलं की सरकत नाही. ती दहा मिनिटं मोजताना मी दमून पेटीला टेकलो. कोपराने. सासरहून दिवाळीला आलेला पूर्ण बाहीचा झब्बा अंगात. उठायला गेलो तर झब्बा येईना. ओढला तर पेटी यायला लागली. नीलाला हाक मारली. ती वरून म्हणाली, "काय तोडलंत आता?" खाली आली, बघितलं, वर गेली आणि कोथिंबीर कापायची कात्री घेऊन आली. बाही कापली. दहा मिनिटं उलटून गेली होती, तेव्हा त्या बाहीच्या तुकड्यासकट मी शीट दाबून टाकलं. आजही उजव्या बाजूला हात फिरवला की एक उंचवटा लागतो. येईल त्याला मी सांगतो, "जावयाची बाही आहे, चाचपून बघा."

लोक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात. सांगतोच तसा. दोन वर्षांत हा किस्सा मी शंभरदा सांगितला असेन, लग्नात, बँकेच्या रांगेत, एकदा दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडायच्या आधी.

या किस्स्यातला एक तास मी गाळतो. शीट घेताना दुकानदाराने विचारलं होतं, "काका, प्लाय कोरा आहे की रंगवलेला?" मी म्हणालो, एका बाजूला रंग आहे. तो म्हणाला, "रंगावर सोल्यूशन धरत नाही. आधी पूर्ण घासून काढा, लाकूड दिसेपर्यंत." आणि त्याने शीटबरोबर जाड पॉलिश पेपर दिला.

तेव्हा मला मागे फिरता आलं असतं. नुसती उजवी बाजू चिकटवून डावी तशीच ठेवता आली असती, नीलाने तेच सुचवलं. पण दोन बाजू दोन तऱ्हेच्या दिसल्या असत्या. मी बोकडापासून सुरुवात केली. स्वतःचं तोंड घासायला काही वाटत नाही, हा आपला माझा विनोद. मग वाघाचा चष्मा गेला. मिशा लवकर जाईनात, तिथे तू तीन थर दिले होतेस. तासभर लागला. आयुष्यात मी कुठलंही काम धड केलं नाही, विल्या, हे एक सोडून. लाकूड दिसेपर्यंत घासलं. फरशीवर पिवळा-काळा भुगा पडला होता, तो झाडून सचिवांच्या कुंडीत टाकला.

तुझा हात थरथरतो, तुला कशाला त्रास, म्हणून केलं, असं मी नीलाला सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगताय ते ठीक आहे. त्यांना हे सांगू नका."

रविवारी तू साताऱ्याच्या गाडीने स्वारगेटला उतरून तडक आलास. इस्त्रीचा शर्ट, आणि पिशवीत सगळ्यात बारीक ब्रश आणि काळ्या रंगाची डबी. ते कशाला होतं ते मला नंतर समजलं. डाव्या बाजूला खाली कोपऱ्यात तू सही करणार होतास, सगळ्यांच्या समोर. तू आलास तेव्हा वर हॉलमध्ये आणलेल्या पेटीभोवती पंचवीस माणसं होती आणि मी बाहीचा किस्सा पहिल्यांदाच सांगत होतो. कात्रीपर्यंत आलो होतो. तू दारात दिसलास, आणि मी थांबलो नाही. शेवटपर्यंत सांगितला. पुरता हशा वसूल केला.

मग तू पेटीपाशी गेलास. डाव्या बाजूवरून तळहात वरपासून खालपर्यंत फिरवलास, गिलावा बघतात तसा.

"छान झालंय," म्हणालास. "पुसायला बरं."

बस. पुऱ्या खाल्ल्यास, श्रीखंड नको म्हणालास. सगळ्यांनी एकेक डाव खेळला, तू खेळला नाहीस. जाताना पिशवी छातीशी धरली होतीस. तू भांडायला हवं होतंस, विल्या. आईवरून शिव्या दिल्या असत्यास तर मीही दिल्या असत्या, नीलाने दोघांना झापलं असतं, आणि तासाभराने चहा झाला असता. तुझा मला आजही राग येतो तो याचाच. तू सभ्यपणा केलास. आपल्यात सभ्यपणा कधी होता?

त्यानंतर तू मला साहेब म्हणायला लागलास. "या साहेब." "बसा साहेब." मीही हसून घ्यायचो. तुझ्या घरी यायचो दोन-तीन महिन्यांतून, प्रत्येक वेळी ठरवून. बसमध्ये पाठ करत यायचो, "विल्या, चुकलो." तीन शब्दसुद्धा नाहीत. तुझ्या दाराशी चप्पल काढली की मला कांद्याचा भाव आठवायचा, मेट्रोचं काम आठवायचं, कोणाचा तरी पाय मोडलेला आठवायचा. मी हसवायचो आणि निघायचो. परतीच्या बसमध्ये वाटायचं, चला, बरं वाटलं त्याला.

शेवटचा आलो तेव्हा तू अंथरुणाला लागला होतास. उजवी बाजू गेलेली, बोलणं जड, पण समजत होतं. मला काय करावं ते सुचेना. मला सुचेनासं झालं की काय होतं ते तुला ठाऊक आहे. मी किस्सा सांगितला. बाहीचा. तुझ्यापुढे. अगदी रंगवून, नीलाच्या आवाजासकट. सुमनवहिनी हसल्या. तूही हसलास, तोंडाच्या एका बाजूने. मग एकेक शब्द जुळवत म्हणालास,

"चांगला आहे. यात मी कुठे आहे?"

मी म्हणालो, "तू साताऱ्याला होतास ना."

"हं," तू म्हणालास. "मी साताऱ्याला होतो." आणि डोळे मिटलेस. मला वाटलं, झोप आली. मी चादर नीट केली आणि निघालो. त्यानंतर नवव्या दिवशी नीलाने फोन घेतला आणि तो कानाला धरूनच माझ्याकडे बघितलं.

आता तेरावं. जेवणं झाली. तुझा मेहुणा, तो शिक्रापूरचा, मला म्हणाला, "भाऊ, तेवढा तो बाहीचा किस्सा सांगा की. दाजी गेल्यापास्नं घरात कुनी हसलं न्हाय." लोक सरकून बसले. मी नाही म्हणायला हवं होतं. किंवा तो गाळलेला तास सांगायला हवा होता. तिथे सगळे होते, तुझी लेक होती, तुझा हार घातलेला फोटो होता. मी सांगितला. नेहमीचाच. कात्रीपाशी थांबायचं कुठे, कोथिंबीर म्हणायचं कुठे, सगळं बरोबर जमलं. मेहुण्याला ठसका लागला. तुझी लेकसुद्धा हसली, डोळे पुसत.

मी दारात चप्पल घालत होतो तेव्हा सुमनवहिनी मागून आल्या.

"त्या रविवारी हे घरी आले," त्या म्हणाल्या, "आणि ब्रश न धुता ठेवून दिला. तीस वर्षांत पहिल्यांदा. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, काही नाही, वापरलाच नाही तर धुवायचा काय. मग मीच नीलावहिनींना फोन करून विचारलं."

मी दुसरी चप्पल पायाने चाचपत होतो.

"भांडण करा म्हटलं त्यांना. म्हणाले, त्याला बोलायचं असेल तर तो बोलेल, आपण वाट बघू. तुम्ही आलात की मी मुद्दाम आत जायचे. चहा झालेला असायचा, तरी उगाच भांडी वाजवत बसायचे, दोघांना बोलता यावं म्हणून. आणि दरवेळी तुम्ही हाक मारायचात, वहिनी, बाहेर या, एक गंमत सांगतो."

"वहिनी..."

"'असू दे', एवढंच म्हणायचं होतं हो त्यांना. फक्त तुमचं आधी यायला हवं होतं. ते दोन वर्षं तयार बसले होते."

जिन्यात दुसरं कोणी नव्हतं. त्या दाराला धरून उभ्या होत्या, घाई नव्हती त्यांना. आत कोणी हाकही मारत नव्हतं. तुझ्याऐवजी त्यांनाच म्हणायचं होतं, विल्या, दोनच शब्द, आणि त्या ऐकायलाच थांबल्या होत्या.

मी काहीतरी विनोद केला. काय केला ते इथे लिहीत नाही. त्या हसल्या नाहीत. सावकाश जा म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं.